गाणं कुणाच्या कामाचं?

शिर्डीत समाधी मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत उभं राहिलं, की दोन तऱ्हेची गाणी एकदमच कानावर येतात. आतून आरतीचे सूर. बाहेर हार-प्रसादाच्या दुकानांतून आणि पालखीमागच्या टेम्पोवरून मोहम्मद रफींची कव्वाली, नाहीतर सिनेमाच्या चालीवर बसवलेलं एखादं नवं भजन. राहात्याला आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले एक मामा आणि नगरच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणारी त्यांची भाची, यांची या दोन आवाजांवरून कायम जुंपलेली असते. मामांच्या मते गाण्याचा अर्थ ते कुणी, केव्हा, कशासाठी रचलं यात असतो. भाचीच्या मते तो आज ज्याच्या तोंडी ते गाणं आहे त्याच्यापाशी असतो. रामनवमीच्या तोंडावर रंगलेला त्यांचा हा वाद.

भाची : मामा, यंदा पालखीबरोबर आमचा वाद्यवृंद आहे. मंडळानं गाण्यांची यादीसुद्धा पाठवली. सुरुवात 'अमर अकबर अँथनी'तल्या कव्वालीनं.

मामा : झालं! चालायचं शिर्डीला आणि गाणं आणायचं मुंबईच्या स्टुडिओतून. अगं, या गावाच्या स्वतःच्या आरत्या आहेत, पदं आहेत. ती सोडून हे कशाला?

भाची : कारण ते गाणं लागलं की दमलेली माणसं पुन्हा चालायला लागतात. आणि तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, पार्श्वभूमी मला पाठ आहे. साल १९७७, शब्द आनंद बक्षींचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज रफींचा, पडद्यावर ऋषी कपूर.

मामा : ही श्रेयनामावली झाली. पार्श्वभूमी म्हणजे ते गाणं तिथं का आलं ते. मनमोहन देसाईंना पटकथेत एका आंधळ्या आईला दृष्टी परत द्यायची होती. त्यासाठी देऊळ हवं, मूर्ती हवी, मूर्तीच्या डोळ्यांतून निघणाऱ्या ज्योती हव्यात आणि त्या प्रसंगाला चढवत नेणारं गाणं हवं. ती कव्वाली या गरजेतून जन्मली. बरं, गाणारा तो अकबर त्याच सिनेमात बुरख्यातल्या प्रेयसीला उद्देशूनही कव्वाली गातो. आवाज तोच, टाळ्या त्याच. एकदा मुलीपुढे, एकदा देवापुढे! भक्तिगीत असं असतं?

भाची : असतं की. दासगणू महाराज तुमच्या आवडीचे ना? मग त्यांचंच सांगा. ते पोलीस खात्यात होते, तमाशाचा नाद होता, लावण्या रचायचे. साईभक्त नानासाहेब चांदोरकरांनी त्यांना शिर्डीला आणलं. ज्या हातानं लावण्या लिहिल्या त्याच हातानं पुढं शिर्डीला पंढरपूर ठरवणारं पद लिहिलं, 'साईनाथ स्तवनमंजरी' लिहिली. एकाच लेखणीतून शृंगार आणि भक्ती उतरली तर चालते. एकाच गळ्यातून उतरली की मात्र तुम्हाला खटकते!

मामा : फरक आहे. दासगणू बदलले. लावणी सुटली, नोकरी सुटली. साईबाबांच्या पोथीत, साईसच्चरितात, त्यांची एक गोष्ट आहे. कीर्तनाला उभं राहायचं म्हणून ते अंगरखा, उपरणं, फेटा असा थाट करून बाबांना नमस्कार करायला गेले. बाबा म्हणाले, हा नवरदेवाचा वेश कशाला? काढून टाक सगळं. तेव्हापासून उघड्या अंगानं, गळ्यात हार, हातात चिपळ्या, असं नारदीय पद्धतीनं ते उभे राहत. त्यांच्या गाण्यामागं आयुष्य पालटल्याची खूण आहे. सिनेमातला कव्वाल पुढच्या दृश्यात काय करतो? मारामारी.

भाची : म्हणजे गाणाऱ्याचं चारित्र्य तपासून मग गाणं घ्यायचं?

मामा : तसं नव्हे. पण ज्यानं रचलं त्याची जोखीम त्या शब्दांत असावी. दासगणूंच्या त्या पदाचंच बघ. वारकऱ्याला पंढरपूर एकच. आणि हा माणूस दुसऱ्याच एका गावाला पंढरपूर म्हणतो. शिर्डीत चंद्रभागा नाही, गोदावरीसुद्धा तिकडे कोपरगावच्या अंगाला. मग त्यानं मनातल्या भक्तीलाच नदी केलं आणि भावाला पुंडलिकाची जागा दिली. पंढरीचं सगळं रूपक उचलून त्यानं आत नेऊन बसवलं. कीर्तनकारानं हे म्हणणं म्हणजे त्या काळी टीका ओढवून घेणंच.

भाची : सुंदर सांगितलंत. पण तुमच्याच तोंडून निघालं, मामा : 'उचलून'. उसनं घेतलंय हे सगळं. शिर्डीतला काकडा कुठला? पंढरपूरच्या धर्तीवरचा. शेजारतीत ज्ञानदेवांची आरती, तुकारामांची आरती. त्या काय साईबाबांसाठी रचल्या होत्या? उपासनी महाराजांचं स्तोत्र तर संस्कृत. या सगळ्यांची मोट बांधून कृष्णाजी जोगेश्वर भीष्मांनी 'साईनाथ सगुणोपासना' तयार केली. तुम्ही ज्याला शिर्डीचं अस्सल म्हणता तो मुळात एक उत्तम संग्रह आहे. आणि संग्रह म्हणजे शेवटी यादीच!

मामा : यादी म्हण हवं तर. पण एका घराण्यातली. संत, कीर्तनकार, आरती... एकाच वाटेवरची माणसं ती.

भाची : एकाच वाटेवरची? रामनवमीचंच घ्या. शिर्डीत आधी काय सुरू झालं, रामजन्म की उरूस?

मामा : उरूस. १८९७ साली, कोपरगावच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकारानं.

भाची : आणि उरुसाला दिवस कुठला धरला? रामनवमीचा. दोन निशाणांची मिरवणूक, आणि कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलालांनी सुरू केलेली संदलची मिरवणूक. रामजन्माचा पाळणा आला तो १९१२ साली, पंधरा वर्षांनी. तेव्हा भीष्मांनीच साईभक्त काका महाजनींपाशी विषय काढला, की उरूस रामनवमीलाच आहे, तर रामजन्म का नको? कीर्तनाला भीष्म उभे राहिले आणि साथीला काका महाजनींनी काय वाजवलं?

मामा : हार्मोनियम.

भाची : पेटी! युरोपातून आलेलं वाद्य. मशिदीत, उरुसाच्या दिवशी, युरोपी पेटीवर रामजन्माचं कीर्तन. आणि मी तिथं कीबोर्ड नेला की परंपरा बुडते!

मामा : कीबोर्डला माझी हरकत नाही. आवाजाला आहे.

भाची : कव्वालीबद्दल तर आणखी सांगते. साईसच्चरितात आहे, बाबा सुरुवातीच्या काळात तकियात, म्हणजे फकिरांच्या उतरायच्या जागी, जाऊन बसत, पायात घुंगरू बांधून नाचत, गोड गळ्यानं गात. ज्या माणसानं द्वारकामाई मशिदीतच राहून तिथं धुनी पेटती ठेवली, त्याच्यासमोर कव्वाली परकी? आणि मराठीला तरी ती कुठं परकी आहे? प्रल्हाद शिंदे कव्वालीही गायचे आणि विठ्ठलाची गाणीही. दोन्ही ऐकणारी माणसं तीच.

मामा : हा मुद्दा मान्य. त्या कव्वालीवर माझा राग ती कव्वाली आहे म्हणून नाहीच. उलट, सिनेमावाल्यांनी मुसलमान घरात वाढलेल्या मुलाच्या तोंडी साईंचं गाणं दिलं, ही त्यांना या गावाची एक खरी गोष्ट कळली म्हणायची. माझं दुखणं वेगळं आहे. सिनेमाच्या गाण्यात बाबा म्हणजे फक्त हाक मारायची जागा. हाक मारली, चमत्कार झाला, संपलं. आता माधव आडकरांची 'आरती साईबाबा' घे. धूपारतीत रोज म्हणतात. त्यात काय काय आहे बघ. सुख देणारा म्हणून सुरुवात. मग कामवासना जाळणारा वैरागी. मग दत्ताचा अवतार. मग कलियुगात सगुण होऊन आलेलं ब्रह्म. गुरुवारच्या वारीचा उल्लेख. आणि शेवटी चातक. चातक पावसाच्या थेंबासाठी चोच वर करून बसतो, तसा कवी बाबांकडे निखळ सुख मागतो आणि तिथंच स्वतःचं नाव गुंफतो, माधव. नामा म्हणे, तुका म्हणे, त्याच रीतीनं. एवढ्याशा आरतीत एक अख्खी जीवनदृष्टी मावली आहे.

भाची : मला आज तुमच्याकडून चातक कळला. लहानपणापासून म्हणतेय, पण खरं सांगू? कळला नव्हता तेव्हाही म्हणताना काही अडत नव्हतं. आणि मी तरी मराठी. तिकडे आंध्रात, तेलंगणात साईमंदिरांतून हीच मराठी आरती म्हणतात, तेलुगू लिपीतल्या पुस्तिकेत बघून. त्यांना चातक ठाऊक नाही, माधव कोण ते ठाऊक नाही. त्यांच्या तोंडी ती निरर्थक?

मामा : हाच प्रश्न मलाही टोचतो. बाहेरच्या भाविकाचे मराठी उच्चार ऐकून कधी बरं वाटतं, कधी चुटपुट लागते. शब्द गेले, नाद उरला.

भाची : पण हे काल-परवाचं आहे का? बाबा हयात असताना त्यांची आरती कोण ओवाळायचं? मेघा. हरि विनायक साठ्यांच्या घरचा गुजराती ब्राह्मण. १९१२ च्या जानेवारीत तो गेला, मग ते काम बापूसाहेब जोगांकडे आलं. म्हणजे शिर्डीच्या आरतीचं तबक पहिल्यांदा ज्यांच्या हातात होतं त्यांपैकी एकाची भाषा मराठी नव्हती!

मामा : तबक हातात होतं. पण शब्दांचं बळ वेगळं असतं. जामनेरची गोष्ट आठव. चांदोरकरांची मुलगी बाळंतपणात अडली होती. बाबांनी रामगीर बुवांबरोबर उदी पाठवली आणि सोबत काय? आडकरांची आरती, कागदावर उतरवून घेतलेली. बाबांनी आरती औषधासारखी पाठवली, असं साईसच्चरित सांगतं. शब्दांना किंमत नसती तर नुसती उदी पुरली असती.

भाची : अहो, ती गोष्ट तर माझ्या बाजूची आहे! आडकरांनी आरती रचली ती ओवाळण्यासाठी. बाबांनी ती वापरली अडलेल्या बाईच्या धीरासाठी. रचणाऱ्याच्या मनात जे काम नव्हतं ते काम तिला मिळालं. सिनेमाच्या गाण्याचंही तेच झालं. मनमोहन देसाईंना ते एका प्रसंगापुरतं हवं होतं. तो प्रसंग केव्हाच सरला. आता ते कसाऱ्याच्या घाटात चालणाऱ्या पोरांच्या पायांना ताल देतं. नवं काम.

मामा : थांब. हे 'काम' मला पटलं. मघापासून आपण गाणं कुणाचं यावर भांडतोय. ते कशाच्या कामाचं यावर भांडू. शिर्डीच्या आरत्यांची वाटणी कशी आहे? काकडा पहाटे, मध्यान्ह आरती बाराला, धूपारती सूर्यास्ताला, शेजारती रात्री. काकडा आणि शेजारतीची मूळ जागा कुठली? चावडी. कारण बाबा एक रात्र द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत निजत. १० डिसेंबर १९०९ पासून चावडीतली ही पूजा सुरू झाली. रात्री वाजतगाजत माणूस न्यायचा, शेजारती म्हणून निजवायचा, पहाटे काकड्यानं उठवायचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, टिळकांचे सहकारी, १९११-१२ च्या हिवाळ्यात इथं मुक्कामाला होते. त्यांची रोजनिशी वाच. दिवस उजाडतो तोच काकड आरतीनं. १९१८ च्या विजयादशमीला बाबांनी देह ठेवला. निजवायला, उठवायला माणूस उरला नाही. तरी उठवणं सुटलं नाही. ते काम चालू आहे म्हणून ती गाणी जिवंत आहेत.

भाची : आणि माझं गाणं चाल देतं तोवर जिवंत.

मामा : पण किती जिवंत? तुझ्या घाटातल्या पोरांना एक विचार. धृपद सगळ्यांना येतं. अंतरे किती जणांना येतात? धृपद झालं की ती गप्प, मग स्पीकर गातो. आरतीला पाचवीत शाळा सोडलेली म्हातारी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाते. एक गाणं माणसाला गायला लावतं, दुसरं ऐकायला. हा माझा खरा आक्षेप.

भाची : ती म्हातारी रोज म्हणते म्हणून तिला येतं. त्यात आरतीचा कसला मोठेपणा? रोज म्हटलं तर मला रेल्वेचं वेळापत्रकही पाठ होईल.

मामा : होईल, पण रोज म्हणशील का? रोज म्हणावंसं वाटणं हीच परीक्षा. आणि आरतीची रचनाच तशी आहे. ओळी आटोपशीर, चाल फार चढत नाही, आवाज नसलेल्यालाही झेपते, टाळी चुकली तरी खपते. रफींसारखा वरचा सूर लावायला रफीच हवेत. थोर गायकाचं गाणं लोकांना मोहात पाडतं आणि गप्पही बसवतं.

भाची : हे मात्र खरं. आमच्या कार्यक्रमात वरची पट्टी आली की लोक मोबाइल काढतात. गाणं थांबतं, चित्रीकरण सुरू होतं. पण मामा, उलट बाजूही बघा. साईसच्चरित ओव्यांत आहे. किती जण ते वाचू शकतात? ज्यांनी पोथी कधी उघडली नाही त्यांच्यापर्यंत बाबा पोचले ते पडद्यामुळं. मराठीत कुमारसेन समर्थांचा चित्रपट १९५५ लाच आला होता. मग १९७७ लाच 'शिर्डी के साईबाबा', सुधीर दळवी बाबांच्या भूमिकेत, संगीत पांडुरंग दीक्षितांचं. देशभरातल्या कितीतरी घरांना शिर्डी हे नाव आधी गाण्यातून कळलं, नकाशातून नंतर. हेही कामच ना?

मामा : काम आहे. ओळख करून देण्याचं. पण ओळख झाल्यावर पुढं काय? त्या पुढच्यासाठी आरती.

भाची : ही वाटणी मला चालेल. वाटेवर माझी गाणी, वेशीपासून आत तुमची.

मामा : तेवढ्यावर सुटका नाही. आपण दोघांनी एका गाण्याला विसरूनच भांडण केलं. शिर्डीचं पहिलं लोकगीत कुठलं म्हणशील?

भाची : तुम्ही सांगा.

मामा : जात्यावरचं. ज्या गोष्टीमुळं हेमाडपंतांना, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकरांना, साईसच्चरित लिहावंसं वाटलं तीच ही गोष्ट. १९१० च्या सुमारास एका सकाळी ते मशिदीत गेले तर बाबा तरट अंथरून, पुढ्यात जातं घेऊन गहू दळत बसलेले. भिक्षेवर राहणारा माणूस, त्याला पीठ कशाला? गावात बातमी पसरली. चार बायका गर्दीतून पुढं घुसल्या, बाबांना बाजूला सारून खुंटा हातात घेतला आणि दळताना त्यांच्याच लीला गाऊ लागल्या. ना कवी, ना नाममुद्रा, ना तबला-पेटी. घरघर हीच साथ. त्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत.

भाची : आणि त्या बघून हेमाडपंतांनी ग्रंथ लिहिला तोही ओव्यांतच.

मामा : हो, पोथीतली ओवी वेगळी, जात्यावरची वेगळी, पण गोत्र एक. आता तुझ्या कसोटीला लाव. काम होतं, गाणं होतं. पिठाची गिरणी आली, काम गेलं, ओवी गेली. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये काही सांभाळल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव हिंडून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते केलं नसतं तर आज काय उरलं असतं? माझ्या आरतीच्या मागं देवस्थान आहे, तुझ्या गाण्याच्या मागं बाजार आहे. ओवीच्या मागं कोण?

भाची : मी. आमच्या कार्यक्रमात मी दोन ओव्या घेते. संग्रहातून निवडून, गावातल्या एखाद्या आजीकडून चाल शिकून. मंचावर जातंही ठेवू.

मामा : रिकामं जातं? गव्हाशिवाय फिरवायचं? ते नाटक होईल, पोरी. श्रमातून आलेला श्वास कुठून आणशील?

भाची : मघाशी तुम्हीच म्हणालात, गाण्याचं काम बदललं तरी ते जगतं.

मामा : मी नाही, तू म्हणालीस. मी म्हणालो, काम चालू राहिलं तर जगतं.

भाची : मग ओवीला नवं काम देऊ. ती मंचावरून ऐकवायची नाही. पालखी दुपारी विसाव्याला थांबते तेव्हा बायका भाकरी-भाजीला बसतात. तिथं स्पीकर बंद. मी एक ओवी म्हणते, पुढची त्यांच्यातली कुणीतरी म्हणेल. सासरची, माहेरची, बाबांची, जी येईल ती. मी कीबोर्ड उघडणारसुद्धा नाही.

मामा : आणि कुणीच म्हटलं नाही तर?

भाची : तर कळेल तरी की ते गाणं खरंच संपलं. आता आपण ते न विचारताच पुस्तकात ठेवून मोकळे झालोय.

मामा : हे कर. मी येतो सोबत. पण एक सांगून ठेवतो. त्या चार बायकांची गोष्ट अजून संपलेली नाही. दळण झाल्यावर त्यांना वाटलं, बाबांना ना घर ना दार. हे पीठ आपल्यालाच मिळणार. त्यांनी सुपात चार वाटे घातले. बाबा संतापले. म्हणाले, कुणाच्या बापाचा माल म्हणून नेता? गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी टाका सगळं. महामारी गावात येऊ नये म्हणून ते दळण होतं.

भाची : म्हणजे दळलं त्यांनी, गायल्या त्या, आणि पिठावर हक्क मात्र नाही.

मामा : नाही. आणि मघापासून तू आणि मी तेच करत होतो. हा वाटा आरतीचा, हा सिनेमाचा. वाटेवरची गाणी तुझी, वेशीच्या आतली माझी.

भाची : मग मंडळाच्या यादीचं काय करू?

मामा : यादी राहू दे. रफींची कव्वालीही राहू दे. फक्त धृपद संपल्यावर आवाज खाली आण आणि अंतरा लोकांना म्हणू दे. पहिल्या दिवशी येणार नाही, चुकतील, हसतील. शिर्डी येईपर्यंत पाठ होईल.

भाची : आणि तुम्ही?

मामा : मीही शिकेन. नाहीतरी ते गाणं मी धृपदाच्या पुढं कधी ऐकलंच नाही.